स्टंट करून वाचला म्हणजे ‘फिट’ ठरला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “माझा पुतण्या १९ वर्षांचा. पंचगंगेला पाणी चढलं की मित्रांबरोबर पुलावरून उड्या टाकायला जातो. रात्री हायवेला गाडीचं पुढचं चाक उचलून पळवतो आणि त्याचे व्हिडिओ टाकतो. बोललं की म्हणतो, ‘काका, भिणारा मागं पडतो. सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट असतंय हे.’ शेजारी म्हणतात, ‘मरायची ती मरू देत, निसर्ग असाच गाळत असतोय.’ तुमच्याकडं असली पोरं येत असतील. यात खरं कुणाचं, आणि ह्याला आवरू कसा?”

दोघंही चुकताहेत, आणि दोघांची चूक एकच आहे. पुतण्या म्हणतो, मी वाचलो म्हणजे मी लायक. शेजारी म्हणतात, जो गेला तो नालायकच होता. जगण्या-मरण्याकडं दोघंही निकाल म्हणून बघताहेत. मी कोल्हापुरात हाडांचा डॉक्टर आहे आणि माझं बरंचसं काम मणक्याच्या दुखापतींचं आहे. माझ्यासमोर जी पोरं येतात ती या दोघांच्याही हिशेबात बसत नाहीत. ती मेलेली नसतात आणि धडही नसतात. स्टंटच्या चर्चेत त्यांना कुणी धरतच नाही, म्हणून या उत्तरात त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिणार आहे. पण आधी डार्विनचं बघू, कारण पुतण्यानं आपल्या बाजूनं त्यालाच उभं केलंय.

डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक १८५९ साली आलं तेव्हा त्यात ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हे शब्द नव्हतेच. ते हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञानं १८६४ साली वापरले. आल्फ्रेड वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञानं डार्विनला ते घ्यायचा आग्रह केला आणि १८६९ सालच्या पाचव्या आवृत्तीत ते आले. डार्विनच्या लेखी ‘फिट’ म्हणजे दांडगा किंवा न भिणारा नव्हे. प्राणी जिथं राहतो तिथं त्याचा निभाव लागतो का, त्याला पिल्लं होतात का आणि ती पुढं तगतात का, एवढाच त्याचा प्रश्न होता.

त्यानंच दिलेलं एक उदाहरण पुतण्याला जरूर सांगा. अटलांटिक महासागरात मदेरा नावाचं बेट आहे. वोलास्टन या कीटकशास्त्रज्ञानं तिथल्या भुंगेऱ्यांच्या ५५० जाती नोंदवल्या, आणि त्यातल्या २०० जातींना उडताच येत नव्हतं. डार्विननं त्याचं कारण असं मांडलं की बेटावर वारा जोराचा असतो. जो भुंगेरा हौसेनं उडत राहायचा तो वाऱ्याबरोबर समुद्रात जायचा. ज्याचे पंख जरा आखूड होते, किंवा जो आळसानं एका जागी बसून राहायचा, तो मागं उरला आणि त्याचाच वंश वाढला. त्या बेटावर ‘फिटेस्ट’ कोण होता, तर न उडणारा. ‘भिणारा मागं पडतो’ या वाक्यावर याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

माशांचंही असंच आहे. आपल्याकडं डासांच्या अळ्या खायला टाक्यांत आणि हौदांत सोडतात ते गप्पी मासे बघितले असतील. मोठा शिकारी मासा दिसला की त्यातले काही जण त्याच्याजवळ जाऊन त्याला निरखून येतात. ली ड्युगाटकिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानं १९९२ साली वारंवार पुढं जाणारे, मध्यम आणि मागं राहणारे असे गप्पी वेगळे केले आणि ते शिकारी माशाबरोबर एका टाकीत ठेवले. पुढं जाणारेच जास्त मेले.

आता पुतण्याची बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. धीटपणाला काहीच किंमत नसती तर असे गप्पी केव्हाच संपले असते. पुढच्या प्रयोगांत असं दिसलं की माद्यांना धीट नर जास्त आवडतात. आफ्रिकेतलं थॉमसन गॅझेल हे हरीण शिकारी कुत्री मागं लागली की पळता पळता चारी पाय ताठ करून उंच उड्या मारतं. वरवर बघता हा वेळेचा नि ताकदीचा अपव्यय आहे. पण १९८८ सालच्या एका अभ्यासात आढळलं की ज्या हरणांच्या उड्या मंदावलेल्या असतात त्यांच्याच मागं कुत्री लागतात. उडी मारणारं हरीण सांगत असतं की माझ्यात एवढी रग शिल्लक आहे, माझा नाद सोड. आमोत्झ झहावी या इस्रायली शास्त्रज्ञानं १९७५ साली यामागचा विचार मांडला होता. दाखवेगिरी महाग असली तरच ती खरी मानली जाते, कारण ज्याच्या अंगात ते नाही त्याला ती परवडतच नाही.

१९ वर्षांच्या पोराच्या अंगात ही ऊर्मी असते हे मी नाकारत नाही. २०१० साली ऑस्ट्रेलियात स्केटबोर्डवाल्या तरुणांवर एक प्रयोग झाला. देखणी तरुणी समोर उभी असली की पोरं जास्त धोका पत्करायची. अवघड कसरत फसतेय असं दिसलं तरी मधेच सोडून द्यायची नाहीत, आणि त्यांच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरकही वाढलेलं सापडलं. म्हणून मी या पोरांना मूर्ख म्हणत नाही. ऊर्मी खरी आहे. पण हरणाची उडी त्याच्या स्वतःच्या पायातली असते आणि त्याच्या हजारो पिढ्या त्याच माळावर गेलेल्या असतात. शंभर सीसीची गाडी किंवा जुलैमधली पंचगंगा ही आपल्या शरीराला त्या माळासारखी ओळखीची नाही.

आणि सगळ्यात मोठी अडचण नशिबाची आहे. हिशेबापुरतं धरू की एका उडीत जबर इजा व्हायची शक्यता शंभरात एक आहे. हा आकडा मी समजण्यासाठी घेतोय, मोजलेला नाही. शंभर पोरांनी प्रत्येकी पन्नास उड्या टाकल्या तर पन्नासाव्या उडीनंतर साधारण साठ पोरांना काहीही झालेलं नसेल. हे साठ जण छाती पुढं काढून फिरतील. आम्हाला पाणी कळतं, आमच्यात दम आहे म्हणतील, आणि ते खोटं बोलत नसतील, त्यांना तसं मनापासून वाटत असेल. पण उरलेल्या चाळीस जणांपेक्षा त्यांच्यात काहीच वेगळं नव्हतं. हिशेब सुरू करतानाच आपण सगळ्यांना सारखं धरलं होतं. व्हिडिओ टाकतात तेही हेच साठ. चाळीस जणांचे मोबाईल भिजलेले असतात, नाहीतर त्यांच्या आया ते व्हिडिओ पुसून टाकतात.

डार्विनची निवड लागू व्हायला प्राण्यांमध्ये काहीतरी फरक लागतो, त्या फरकामुळं जगणं-मरणं ठरावं लागतं आणि तो फरक पुढच्या पिढीत उतरावा लागतो. पुलावरून उडी मारल्यावर खाली ओंडका असणं किंवा नसणं हा पोराच्या अंगातला गुण नव्हे. पुतण्या आजवर वाचला यावरून एवढंच कळतं की तो आजवर वाचला.

तो म्हणेल, मला पट्टीचं पोहता येतं. येत असेल. पोहण्यानं बुडण्याचा धोका खरंच कमी होतो. पण पुराच्या नदीत जे मारतं त्यातलं बरंचसं पोहण्याच्या हातातलं नसतं. राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी येतं, म्हणजे सेकंदाला चाळीस हजार लिटरच्या आसपास. ते भोगावती नदीतून पंचगंगेला मिळतं. सकाळी ज्या पाण्यात उडी मारली ते पाणी संध्याकाळी तिथं नसतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. पोरं ती पातळी मोबाईलवर बघतात आणि ‘पाणी वर आलं, आता उडी सोपी’ असा उलटा अर्थ काढतात. उंची कमी होते हे खरं. पण गढूळ पाण्याखाली घाटाच्या पायऱ्या, दीपमाळा, वाहून आलेली झाडं आणि तारा असतात. त्या वरून दिसत नाहीत, अगदी सरावलेल्या डोळ्यालाही नाही.

बंधाऱ्याचं तर आणखी वेगळं. ज्याला राज्यभर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात तो आपल्या नदीवर ठिकठिकाणी आहे. दगडी खांब, खांबांना खाचा आणि खाचांत बसवलेले बरगे. पावसाळ्याआधी बरगे काढतात, पण खांब आणि खालचा धक्का तिथंच असतो. पाणी त्यावरून जायला लागलं की खालच्या बाजूला ते तळाशी जातं आणि पृष्ठभागावरून परत बंधाऱ्याकडंच वळतं. त्या फिरत्या पाण्यात सापडलेला माणूस वर येतो, पुढं रेटतो आणि पुन्हा आत ओढला जातो. वरून बघणाऱ्याला पाणी जवळजवळ शांत दिसतं. नदीवर वाढलेल्या जुन्या माणसांना विचारा, बंधाऱ्याखाली ते कधीच उतरत नाहीत.

उडीचा वेग कुणी मोजत नाही, म्हणून सांगतो. १० मीटरवरून पडलेला माणूस पाण्याला टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो, १५ मीटरवरून ६० च्या वर. ऑलिंपिकमधला सर्वांत उंच मंचही १० मीटरचाच आहे. त्याखाली साधारण ५ मीटर खोल, स्वच्छ आणि रिकामं पाणी असतं, आणि त्यावरून उडी मारणारे त्याच्याआधी बरीच वर्षं खालच्या मंचावर घालवतात. डोकं पुढं करून मारलेल्या उडीत डोकं गाळाला किंवा दगडाला टेकलं की ते थांबतं, आणि मागून सगळ्या शरीराचं वजन मानेवर येतं. मानेतला पाचवा मणका अशा वेळी सर्वांत जास्त फुटतो. त्याचे तुकडे मागं सरकतात. मागं मेंदूचे निरोप अंगभर नेणारा मज्जारज्जू असतो, करंगळीएवढा जाड.

असं पोरगं येतं तेव्हा पहिल्यांदा आम्ही त्याला हलवू देत नाही. चौघं जण मिळून, एकानं डोकं धरून, सगळे एकाच वेळी बोलून त्याला कुशीवर करतात. कानात गाळ असतो, केसांत जलपर्णीची मुळं असतात. अंग थंड पडलेलं असतं, पण ते कापत नाही, कारण मानेखालच्या स्नायूंना कापायचा निरोपच पोचत नसतो. मी त्याला डोळे मिटायला सांगतो आणि टाचणी टोचत वरून खाली येतो. खांद्यावर ‘टोचतंय’ म्हणतो. दंडाच्या बाहेरच्या बाजूला ‘टोचतंय’. छातीवर आलो की गप्प होतो. मी परत विचारतो. तो म्हणतो, ‘टोचा की.’ टाचणी तेव्हा टोचलेलीच असते. मग मी त्याला कोपर वाकवायला सांगतो, ते जमतं. सरळ करायला सांगतो, जमत नाही. मूठ वळत नाही. पायाचा अंगठा हलव म्हटलं की तो जोर लावल्याचं चेहऱ्यावर दिसतं, अंगठा जागचा हलत नाही. शेवटी गुदद्वाराजवळची संवेदना तपासतो, कारण तिथं थोडीशी जरी शिल्लक असली तरी पुढं सुधारणेची आशा वाढते. बाहेर त्याचे मित्र ओल्या कपड्यांनी उभे असतात आणि विचारतात, ‘डॉक्टर, वाचला ना?’

वाचला. दुखापत आणखी एक मणका वर असती तर श्वासालाही यंत्र लावावं लागू शकलं असतं, कारण श्वासपटलाचे मज्जातंतू मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून निघतात. त्या दिवसापासून त्याची आई त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायला शिकते, नाहीतर माकडहाडावर जखम होते आणि ती हाडापर्यंत जाते. लघवीची नळी केव्हा नि कशी बदलायची ते शिकते. भर उन्हात ताप चढला तर ते आजारपण की घाम न आल्यामुळं, हे ओळखायला शिकते. बाप नोकरी सोडतो किंवा गुंठा-दोन गुंठे विकतो. पुतण्याच्या हिशेबात हा पोरगा ‘सर्व्हाइव्ह’ झालेला आहे, म्हणून त्यानं एकदा अशा घरी जाऊन बसावं असं मला वाटतं. भीती घालण्यासाठी नाही. वाचणं म्हणजे नेमकं काय काय असू शकतं ते त्याला माहीत असावं म्हणून.

गाडीबद्दल थोडक्यात सांगतो. माणसाची हाडं, कवटी, प्रतिक्षिप्त क्रिया हे सगळं पळण्याच्या वेगात पडलं-झडलं तर निभावेल असं घडलंय. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदात २२ मीटर जाते. म्हणजे ‘अरे’ म्हणेपर्यंत एखादी बोळ मागं पडलेली असते. पुढचं चाक हवेत असलं की गाडी वळवता येत नाही, आणि थांबवण्याचा मोठा भार जो पुढचा ब्रेक घेतो तोही कामाचा राहत नाही. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. हेल्मेटनं मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. स्टंटच्या व्हिडिओत हेल्मेट क्वचित दिसतं, कारण तोंड दिसायला पाहिजे असतं.

आता शेजाऱ्यांचं. त्यांच्या बोलण्याचा मला पुतण्याच्या बोलण्यापेक्षा जास्त त्रास होतो. निसर्ग गाळतो म्हणे. काय गाळतो? १९ व्या वर्षी धोका पत्करणारा पोरगा हा काही वेगळा वाण नाही. पुढचा-मागचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पक्व होतो. हाच पोरगा तिशीत पोराला शाळेत सोडताना गतिरोधकावर गाडी हळू करेल. आजचे कितीतरी जबाबदार बाप, हवालदार, शिक्षक त्या वयात कुठल्या ना कुठल्या कठड्यावर उभे होते. शिवाय ‘गाळला’ जातो तो नेहमी स्टंट करणाराच असतो असंही नाही. मागं बसलेला मित्र असतो. दूध घालायला निघालेला सायकलवाला असतो. बुडणाऱ्याला काढायला उडी घेतलेला तिसराच कुणी असतो, आणि त्याच्याइतका गुणाचा माणूस गावाला दुसरा मिळत नाही.

‘मरू देत’ या विचाराचा इतिहासही वाईट आहे. निसर्ग गाळतो तर आपणच का गाळू नये, असं म्हणत गेल्या शतकात सुशिक्षित देशांनी ‘कमी लायक’ ठरवलेल्या माणसांची बळजबरीनं नसबंदी केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२७ साली त्याला मान्यता दिली. जर्मनीत त्याचं पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. डार्विनच्या लिखाणातही दुबळ्यांबद्दल कठोर वाटणाऱ्या ओळी आहेत. पण १८७१ साली माणसाच्या उत्पत्तीबद्दल लिहिताना त्यानंच बजावलं की दुबळ्याला मदत करायची आपली ओढ दाबली तर आपल्या स्वभावातला सर्वांत उदात्त भागच ढासळेल. ज्या टोळीतले लोक एकमेकांसाठी धावून जातात ती टोळी दुसऱ्यांवर मात करते, हेही त्यानंच लिहिलं.

हाडांचा डॉक्टर म्हणून मला या बाबतीत एक सांगाडा फार महत्त्वाचा वाटतो. इराकमधल्या शानिदार गुहेत १९५७ साली सापडलेला हा निअँडरथल, म्हणजे माणसाच्या नामशेष झालेल्या जवळच्या नात्यातल्या जातीचा, पुरुष आहे, त्याला शानिदार १ म्हणतात. त्याच्या डाव्या डोळ्याजवळ कवटीला जबर मार बसला होता, बहुधा त्या डोळ्यानं दिसत नव्हतं. उजवा हात वाळलेला होता आणि कोपराच्या वरून तुटलेला होता, पायातही अधूपण होतं. या सगळ्या जखमा भरून आलेल्या आहेत. हाडांच्या कडा गोल झाल्यात, म्हणजे मार लागल्यानंतर तो अनेक वर्षं जगला. ४०-५० वर्षांचा होऊन मेला, त्या काळात हे वय म्हणजे म्हातारपणच. शिकारीवर जगणाऱ्या टोळीत एका हाताचा, एका डोळ्याचा, लंगडा माणूस एकट्याच्या बळावर एवढा जगत नसतो. माणसाची जात कशावर टिकली असं मला कुणी विचारलं तर मी त्या भरून आलेल्या हाडांकडं बोट दाखवेन.

याचा अर्थ पोरांनी घरात बसावं असा कुणी काढू नये. कोल्हापूरला धाडसाचं वावडं कधीच नव्हतं. शाहू महाराजांच्या काळात इथं साठमारी व्हायची. चवताळलेला हत्ती मैदानात आणि त्याला अंगावर घेणारा साठमार त्याच्यापुढं. याहून मोठा स्टंट कुठल्या मोबाईलवर बघितलाय? पण त्या मैदानातच दगडी आडोसे बांधलेले होते आणि त्यांची दारं इतकी अरुंद की माणूस आत घुसेल, हत्तीला शिरता येणार नाही. हुलकावणी द्यायची, आडोशात शिरायचं, पलीकडून निघायचं. साठमार हा तयार झालेला माणूस असायचा. बघायला आलेल्यातला कुणीही हौसेनं मैदानात उतरत नव्हता.

तालमीतही तेच आहे. नवा पोरगा आला की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी कुणाच्या अंगावर सोडत नाहीत. आधी माती उकरायला लावतात, मग जोर-बैठका, मग मान घोटून घेतात, कारण मानेनं साथ सोडली तर काय होतं ते वस्तादांना माझ्याइतकंच माहीत असतं. आखाड्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ राखतात. लढत जोडीची लावतात, वजन आणि तयारी बघून. खासबागेच्या कुस्ती मैदानात हजारो लोक बघायला बसले तरी कुस्ती सुरू करणं आणि सोडवणं पंचाच्या हातात असतं. मर्दानी खेळात पोरांच्या हातात आधी लाठी येते, पट्टा फार नंतर. धोका या सगळ्यात आहे, हाडं इथंही मोडतात आणि ती मी बसवतो. फरक असा की इथं कुणीतरी जाणता माणूस ‘आज नाही, अजून तयार नाहीस’ असं म्हणायला हजर असतो, आणि त्याचं ऐकलं जातं. पुलावर असं म्हणणारा कुणी नसतो.

तिथं असतो तो मोबाईल धरणारा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, आवरू कसा याचं, उत्तर माझ्या मते त्याच्यापाशी आहे. २००५ साली अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी किशोर, तरुण आणि प्रौढ अशा तीन वयोगटांतल्या ३०६ लोकांना गाडी चालवायचा संगणकी खेळ खेळायला लावला, काहींना एकटं आणि काहींना मित्रांसमोर. मित्र बघत असले की किशोरांचा आणि तरुणांचा धोका पत्करण्याचा कल चांगलाच वाढला, प्रौढांना त्याचा फारसा फरक पडला नाही. पुढं मेंदूची चित्रं घेऊन केलेल्या अभ्यासात दिसलं की मित्र शेजारच्या खोलीतून नुसते बघत आहेत एवढं कळलं तरी किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाचा आनंद देणारा भाग जास्त पेटतो. आपल्याकडच्या ईर्षेला हे शास्त्र तंतोतंत लागू पडतं. दोन पेठांतली पोरं समोरासमोर आली की एकट्यानं जे कुणी केलं नसतं ते होतं.

म्हणून पुतण्याला चारचौघांत, त्याच्या मित्रांसमोर झापू नका. तेव्हा तुम्हीही प्रेक्षकांतच जमा होता आणि माघार घेणं त्याला आणखी अवघड जातं. त्याला एकट्याला गाठा. आणि त्याच्याआधी, शक्य असेल तर, जो व्हिडिओ काढतो त्या मित्राशी बोला. ‘उडी तू मारत नाहीस, पण तू मोबाईल खाली ठेवलास तर तोही कदाचित मारणार नाही’ एवढं त्याला शांतपणे सांगा. माझ्या अनुभवात ही पोरं ऐकतात, कारण त्यांना यातली आपली भूमिका कुणी सांगितलेलीच नसते. घरातल्यांनीही त्या व्हिडिओंना अंगठे द्यायचं बंद करावं. ‘नाद खुळा’ लिहिणाऱ्यांत मामा, मावसभाऊ, गल्लीतले दादा असतात हे मी बघितलंय.

गाडी कुणाच्या नावावर आहे तेही बघा. पुतण्या १९ चा आहे, पण त्याच्या टोळक्यात सतरा-साडेसतराची पोरं असणारच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १९९अ हे कलम आलंय. अल्पवयीन मुलानं गाडीवर गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. कॉलेजनंतर नोकरीसाठी परवाना लागणाऱ्या पोराला हे शेवटचं कलम मरणाच्या गोष्टींपेक्षा लवकर कळतं.

नदीकाठच्या प्रत्येक पोराला एवढं तरी माहीत असावं. उडीनंतर कुणी पाण्यात पालथा पडून राहिला तर त्याला हात धरून ओढायचं नाही. त्याचं डोकं आणि धड एका रेषेत ठेवून उताणा करायचा, तरंगत ठेवूनच काठाला आणायचा आणि फळीवर घ्यायचा. श्वास चालू नसेल तर मात्र मानेची काळजी दुय्यम आहे. आधी तोंडानं श्वास द्यायचा, मग छाती दाबायची. उलटं टांगून किंवा पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही, त्यात वेळ जातो आणि पोटातलं छातीत जातं. कुणीतरी एकानं तेवढ्यात १०८ लावायचा. आणि बुडणाऱ्यामागं थेट उडी घ्यायच्या आधी दोर, ट्यूब, रिकामा कॅन, जे मिळेल ते फेकायचं.

शेवटी, त्याच्या अंगातल्या रगेला जागा द्या. पोहणं येतंच असेल तर पूर-बचावाचं काम शिकायला लावा. ‘आपदा मित्र’ या सरकारी योजनेत १८ वर्षांवरच्या स्वयंसेवकांना आपत्तीत मदत करायचं प्रशिक्षण देतात. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात १०७७ वर फोन करून पुढची तुकडी केव्हा आहे ते विचारा. तिथं त्याला लाइफ जॅकेट घालायला लावतील आणि प्रमुख सांगेल तेव्हाच पाण्यात उतरू देतील. तो कुरकुरला तर २०१९ च्या पुरात शिरोळ तालुक्यात बोटी घेऊन गेलेल्या कुठल्याही पोराशी त्याची गाठ घालून द्या. त्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, आणि ती पोरं त्या पाण्यात गेली होती.